खालचा प्लेअर आणि वरचा प्लेअर

रोज लावल्यानं सीडी प्लेअर लवकर जातो का, या प्रश्नावर मी आयुष्यातली काही वर्षं घालवली आहेत. हसायचं असेल तर हसा. याहून फालतू प्रश्नांवर पीएच.डी. केलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचे पेढेही खाल्ले आहेत.

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. आता हे काय असतं ते समजावून सांगावं लागतं. दुसऱ्या गावी फोन करायचा तर लोकांना आधी आम्हाला सांगावं लागे. मग आम्ही बोर्डावर तारेला तार जोडून द्यायचो, तेव्हा कुठे माणसाशी माणूस बोलायचा. दिवसभर कानाला हेडफोन. एका कानात कुणाचं बारसं, दुसऱ्या कानात कुणाचं मयत. पुढे गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडले, लोक आपापले नंबर फिरवायला लागले आणि आमची खोली हळूहळू रिकामी होत गेली. मला बिलांच्या तक्रारी ऐकायला बसवलं. तिथे सगळे चिडलेलेच यायचे, पण निदान यायचे तरी. शेवटी मीच स्वेच्छानिवृत्ती घेतली. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायचंही सगळ्यांचं वय उलटून गेलं होतं, आणि ती एक सोयच झाली होती.

पुण्याच्या कर्वेनगरात एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर माझा फ्लॅट. घरात बसल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती शांतता. ती मी त्याआधी कधी ऐकलीच नव्हती. फ्रीजची मोटर सुरू झाली की कुणी तरी घरी आल्यासारखं वाटायचं, आणि बंद पडली की ते उठून गेल्यासारखं. फ्रीजच्या भरवशावर म्हातारपण काढायचं हे काही खरं नव्हे, असं ठरवून मी रेडिओ-टेपच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली आणि एक सीडी प्लेअर घेऊन आले.

“मॅडम, लाइफटाइम चालेल,” दुकानदार म्हणाला.

“कुणाच्या?” मी विचारलं. त्यानं बिल करायला घेतलं.

दुपारच्या चहाला मी तो लावायचे आणि झोपायच्या आधी बंद करायचे. व्हायोलिन, भावगीतं, नाट्यगीतं, जे हाताला लागेल ते. मन लावून ऐकायचे असंही नाही. पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या करताना मागे कुणी तरी असावं, एवढीच अपेक्षा होती. ती त्यानं इमानानं पुरी केली.

असे काही महिने गेल्यावर एका संध्याकाळी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे. माझी त्यांची ओळख तोपर्यंत जिन्यात मान हलवण्यापुरतीच. मूळचे यवतमाळकडचे. पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर मालाची तपासणी करून ते निवृत्त झाले होते. बायको वर्षभरापूर्वी वारली होती, मुलगा कॉम्प्युटरचं शिकून अमेरिकेत होता. मी लाकडी दार उघडलं, जाळीचं लावलेलंच ठेवलं आणि मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. पुण्यात तक्रार असल्याशिवाय कुणी दुसऱ्याची बेल वाजवत नाही.

“आवाज मोठा होतोय का?” मी विचारलं.

“नाही जी, आवाजाचं काही नाही. पण तुम्ही तो रोज लावून राहिल्या.”

“मग?”

“लवकर जाईल तो.”

मला आधी राग आला. माझा प्लेअर, माझं घर, माझं विजेचं बिल. पण गृहस्थ इतक्या काळजीनं सांगत होते, की जणू प्लेअरला ताप आला होता. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या मला सगळं समजावलं. त्यांच्या कारखान्यात एक खोली होती. तिथे एखादं बटण घेऊन एका यंत्राकडून ते रात्रंदिवस दाबून घ्यायचे, मोडेपर्यंत. मोडलं की कळायचं, त्याचं आयुष्य किती. “प्रत्येक वस्तूचे तास ठरलेले असतात जी. आतला लेझर, मोटर, सगळ्यांचे. तुम्ही ते भराभर खर्च करून राहिल्या.” त्यांच्या मुलानं अमेरिकेहून मित्राबरोबर एक डीव्हीडी प्लेअर पाठवला होता. त्याचं खोकंही त्यांनी उघडलं नव्हतं. खोकं प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक चादरीत, चादर कपाटात. “पोरगा आला की लावू. सगळे मिळून बसू. तेव्हा तो नवा पाहिजे ना.”

“आमच्या एक्स्चेंजमध्ये उलटं होतं,” मी म्हणाले. “ज्या तारा रोज हातात असायच्या, त्या चकचकीत राहायच्या. कोपऱ्यातल्या बोर्डावर कुणी बसायचं नाही, त्याच्या तारा हिरव्या पडायच्या आणि ऐन वेळी दगा द्यायच्या. तुमचं ऐकायचं तर माणसानं बोलूसुद्धा नये. घसा झिजेल.”

यावर ते मोठ्यानं हसले. आमच्या जिन्यात इतकं मोकळं हसायची पद्धत नव्हती. समोरच्या बाईंना नेमकी तेव्हाच कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायची आठवण झाली. गृहस्थ मागे सरकले, “येतो जी,” म्हणाले आणि वर गेले.

इथे आमच्या सोसायटीची रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. ती कुठल्या नियमावलीत नव्हती आणि सगळ्यांना पाठ होती. एकट्या बाईच्या दारात एकट्या पुरुषानं उभं राहायला हरकत नव्हती. अट एवढीच, की जाळीचं दार लावलेलं असावं आणि काही काम असावं. पाण्याची टाकी, गाडी आडवी लावणं, गच्चीची किल्ली, ही कामं होती. ‘सहज आलो’ हे काम नव्हतं. ‘कशा आहात’ हे तर मुळीच नव्हतं. सीडी प्लेअर मात्र कामात बसत होता. ती यंत्राची गोष्ट होती आणि तिच्यात मतभेद होता. मतभेदाला पुण्यात कुणी नाक मुरडत नाही.

दुसऱ्या दिवशी फिरून परत येताना ते माझ्या दाराशी थांबले.

“सुरू आहे का जी अजून?”

“सुरू आहे. तुमचा?”

“खोक्यात आहे.”

“मग माझाच बरा म्हणायचा.”

हे रोजचं झालं. पुष्कळदा एवढंच व्हायचं. कधी पावसाळी हवेचा, कधी विजेच्या कमीजास्त दाबाचा विषय निघे. औषधाच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्यांनी खोक्याभोवती ठेवल्या होत्या. मी म्हणायचे, आतली ग्रीस वाळून दगड झाली असेल. ते म्हणायचे, तुमच्या मोटरचे बेअरिंग घासत आलेत, मला वर ऐकू येते. मी म्हणायचे, ते व्हायोलिन आहे.

खरं सांगायचं तर भाजीवाल्याकडे गेले नसले, की दिवसातलं माझं पहिलं वाक्य तेच असायचं. ‘सुरू आहे. तुमचा?’ ते बोलताना आवाज कधी कधी घोगरा निघायचा, इतका वेळ तो वापरलेला नसायचा. दिवेलागणीच्या आधी मी केस नीट करायला लागले. देवापुढे दिवा लावायचा तर बाईनं नीटनेटकं असावं, असं मी स्वतःला सांगत असे. देवानं त्याआधी कित्येक वर्षं माझे विस्कटलेले केस चालवून घेतले होते. मी त्या प्रश्नाची वाट बघायचे. एखाद्या दिवशी ते बहिणीकडे वगैरे गेलेले असले, की ती संध्याकाळ माझ्या अंगावर यायची.

बाहेर तोवर सगळं बदलत चाललं होतं. सकाळी कोपऱ्यावर कंपन्यांच्या बसगाड्या यायच्या आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं घेऊन हिंजवडीकडे जायच्या. आमच्या इमारतीतले अर्धे फ्लॅट अशाच मुलांना भाड्यानं दिलेले, उरलेल्या अर्ध्यांत ज्यांची मुलं अमेरिकेला गेली असे आईबाप. भाड्याची मुलं कानात बोंडं घालून जिना चढायची. त्यांच्या कानात गाणं चालू असायचं, त्यामुळे मी काही बोलले तरी ती फक्त हसायची. मी नोकरीभर कानाला हेडफोन लावून लोकांना जोडत होते आणि आता त्याच हेडफोननं लोक एकमेकांपासून सुटे झाले होते. त्या मुलांचा तरी काय दोष म्हणा.

आणि एका दुपारी माझा प्लेअर गेला. आधी गाणं अडखळलं, मग एकाच शब्दावर अडून बसलं, मग थांबलं. प्लेअरच्या छोट्या खिडकीत ‘नो डिस्क’ अशी अक्षरं उमटली. डिस्क आत होती. मी ती पुसली, फुंकली, दुसरी घातली, वरून एक चापट मारली. नो डिस्क. मी त्याला पिशवीत घालून रिक्षानं दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

“मावशी, लेन्स गेली,” दुकानातला माणूस म्हणाला.

“रोज लावल्यानं?”

“रोज लावल्यानंही जाते, ठेवून दिल्यानंही जाते. याचे पार्ट आता येत नाहीत. नवा घ्या, दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडेल.”

“मला हाच चालू हवाय.”

“का? आठवणी आहेत का काही?”

“वाद आहे.”

“कोर्टात?” त्यानं विचारलं. मी पिशवी उचलली.

नवा घेणं मला जड नव्हतं. पण नव्याचं काय करायचं? वाद या प्लेअरचा होता. नवा आणला काय किंवा हा गेला म्हणून कबूल केलं काय, गोष्ट तिथेच मिटत होती. ते म्हणाले असते, “बघा, मी म्हटलं होतं.” मी म्हणाले असते, “हो, म्हटलं होतंत.” आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना माझ्या दाराशी थांबायला काम उरलं नसतं. रिक्षात बसल्याबसल्या मला हे स्वच्छ दिसलं.

घरी आल्यावर मी प्लेअर होता तिथे ठेवला. त्याचा निळा दिवा अजून लागत होता. मग कपाटावरचा ट्रान्झिस्टर काढला, त्याला सेल घातले आणि प्लेअरच्या मागे उभा केला. गाणी लागतील असं स्टेशन शोधून ठेवलं.

“सुरू आहे का जी अजून?”

“ऐकू येत नाही का?” मी म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर दिलं होतं, आणि आमच्याकडे ते उद्धटपणात मोडत असलं तरी खोटेपणात मोडत नाही. ते समाधानानं वर गेले.

पण रेडिओ म्हणजे काही घरचं माणूस नव्हे, सांगितलं तेवढंच बोलायला. गाण्यामागून निवेदिका यायची, तिच्यामागून साबणाच्या जाहिराती. मी पावलांच्या आवाजावर कान ठेवून आवाज कमीजास्त करायला शिकले. एकदा मात्र घात झाला. ते दारात उभे, आमचं विजेच्या दाबावर बोलणं चाललेलं, आणि आत गाणं संपून एकदम कापसावर पडणाऱ्या किडीची माहिती सुरू झाली. फवारणी कधी करावी, किती पाण्यात करावी, सगळं. मी आत धावले आणि रेडिओचा कान पिळला. परत आले तर गृहस्थ मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

“डिस्क जुनी आहे,” मी म्हणाले.

“असेल जी,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा नेहमीसारखे आले आणि माझा जीव भांड्यात पडला.

असं आमचं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी ते नेहमीपेक्षा भरभर जिना चढत आले. प्रश्न विचारलाच नाही. “पोरगा येऊन राहिला!” मुलगा, सून, नातू, सगळे. इतक्या वर्षांत मुलगा एकदाच, आईच्या वेळी, धावतपळत येऊन गेला होता. पुढच्या दिवसांत वर जाळ्या झाडल्याचे, पलंग सरकवल्याचे आवाज येत राहिले. पाहुणे आल्यावर एक दिवस ते माझ्या दाराशी थांबून म्हणाले, “आज खोकं उघडणार आहोत जी. आज आमचा ऐका.”

मी रेडिओ बंद केला आणि मटार सोलत बसले, कान छताकडे लावून. वर नातवाची पळापळ चालली होती. खुर्च्या ओढल्या गेल्या. मुलाचा आवाज, त्यांचा आवाज. मग ‘फट्’ असा आवाज आला, पोरगं खिदळलं, आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही.

काय झालं ते मला सकाळी समोरच्या बाईंकडून कळलं. त्यांना सगळं कळतं. अमेरिकेतली वीज एकशेदहा व्होल्टची, आपली दुपटीहून जास्त. ते यंत्र तिकडच्या विजेवर चालणारं होतं आणि यांनी ते सरळ आपल्या भिंतीत खुपसलं. प्लेअरच्या पाठीवर ते छापलेलं होतं म्हणे. मुलाला वाटलं, बाबांना माहीत असेल, त्यांची तर नोकरीच तपासणीची. आणि बाबांनी ते कधी उलटून पाहिलंच नव्हतं, कारण खोक्यातूनच काढलं नव्हतं. इतकी वर्षं चादरीत जपलेल्या त्या प्लेअरनं एक गाणंसुद्धा म्हटलं नाही.

म्हणजे मी जिंकले होते. उरलेले मटार सोलायला बसले आणि मला रडू आलं. नव्या यंत्राभोवती सगळ्यांना बसवून, स्वतः वायर हातात घेऊन उभे असलेले ते मला दिसत होते.

त्यानंतर ते थांबेनासे झाले. आधी मुलाबरोबर, नातवाचं बोट धरून जायचे आणि नुसती मान हलवायचे. ते ठीक होतं, मुलासमोर काय विचारणार. पण पाहुणे सिंहगडावर गेले त्या दिवशीही पावलं माझ्या दारावरून सरळ वर गेली. मी रेडिओ मोठा केला. जाहिरातीही मोठ्यानं लागू दिल्या. काही उपयोग झाला नाही. मला राग आला, मग काळजी वाटली, मग नुसतंच वाईट वाटत राहिलं. आणि एका सकाळी समोरच्या बाईंनी डबा बाहेर ठेवताठेवता सांगितलं, की मुलगा वडलांना घेऊनच चाललाय. कागदपत्रं आधीच झाली होती. उद्या पहाटेची गाडी, मुंबईहून विमान.

मला हे समोरच्या बाईंनी सांगावं? मी तिरीमिरीत चपला घातल्या आणि जिना चढले. त्या इमारतीत इतकी वर्षं राहून मी वरच्या मजल्यावर कधी गेले नव्हते, काम पडलं नव्हतं. त्यांचं दार उघडंच होतं. आत बॅगा पसरलेल्या. मुलगा, सून, नातू बाजारात गेले होते. ते एकटेच पलंगावर बसून स्वेटरची घडी घालत होते. मला बघून उठले. मी दाराबाहेर उभी राहिले.

“माझाही गेलाय,” मी म्हणाले. “मागेच गेला. तुमचंच बरोबर होतं. रोज लावल्यानं जातो.”

“माहीत आहे जी.”

“काय माहीत आहे?”

“गेला ते. सीडीवर कापसाची कीड कोणी भरून देते का?”

ते हसले. पूर्वीसारखे नाही, पण हसले. मी मात्र चिडले. इतके दिवस मी पावलांच्या आवाजावर उठत होते, सेल बदलत होते, निवेदिकेचा गळा दाबत होते. “मग रोज विचारत कशाला होतात?”

त्यांनी स्वेटरची घातलेली घडी उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

“दुसरं काय विचारलं असतं जी?” ते म्हणाले.

मला त्या क्षणी पुष्कळ सुचलं. जेवलात का, हे विचारता आलं असतं. गुडघे दुखतात का, बायकोची आठवण कुठल्या वेळी येते, एकट्यापुरता भात कसा लावता, तिकडे जायचं तुमच्या मनात आहे का. मीही त्यातलं काही विचारलं नव्हतं. आता विचारावं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणाले, “तिकडे थंडी फार असते म्हणतात. तो स्वेटर जाड नाही.”

“तिकडे घेऊ म्हणतो पोरगा.” मग पलंगावरची बॅग त्यांनी उचलून खाली ठेवली, एका माणसापुरती जागा केली. “आत या ना जी. बसा. चहा ठेवतो.”

जिन्यात कुणी नव्हतं. एकही दार उघडलं नाही. मी बाहेरच उभी होते.

“नको,” मी म्हणाले. “गॅसवर दूध ठेवून आलेय.”

“मग जा जी लवकर. उतू जाईल.”

मी घाईघाईनं जिना उतरले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काही नव्हतं. सकाळपासून मी तो पेटवलाच नव्हता.